एकोणीस नंबरचं पुस्तक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी करंज्यांचं सारण भाजत होते. करंज्या आमच्या नव्हेत, शेजारच्या. आमच्या घरी त्या नाताळला होतात. दिवाळीला मी शेजारी हात लावायला जाते आणि डिसेंबरात शेजारीण आमच्याकडे येते, हा यवतमाळच्या आमच्या गल्लीतला जुना करार आहे. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात फोन, आणि संपादक म्हणत होते की विचार करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने वाचावीत अशी दहा पुस्तकं सुचवा, प्रत्येकी दोन ओळी लिहा. मी इतकी हरखले की सारण खाली लागलं. कोणी पुस्तकं विचारली की माझं असंच होतं. आमचे हे सगळ्यांना सांगत असतात, हिला पत्ता विचारा, नीट सांगेल. पुस्तक विचाराल तर तुमची गाडी चुकेल.

तरीही दहा पुस्तकांची यादी मी देणार नाही. यादी दिली की लोक ती कापून ठेवतात आणि पुस्तक वाचल्याचं समाधान यादीवरच भागवतात. एकतीस वर्षं मी हे पाहिलं आहे. त्याऐवजी एकाच पुस्तकाची गोष्ट सांगते, त्याचंही नाव न सांगता. आमच्याकडे त्याला सगळे एकोणीस नंबर म्हणतात.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण असलं काम असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. यवतमाळला एका लहानशा ख्रिस्ती वाचनालयात मी होते. दोन खोल्या, पाच कपाटं, एक पंखा. पण आमचे खरे वाचक गावात नव्हतेच. ते जिल्हाभर विखुरलेले. घाटंजीला आठ-दहा घरं, महागावला तेवढीच, राजूरला खाणीतल्या कामगारांची थोडी जास्त. एवढ्याशा मंडळीला कोण वाचनालय काढून देणार? म्हणून आमच्याकडे पेट्या होत्या. निळ्या रंगाची पत्र्याची पेटी, आत बावीस पुस्तकं. ती एसटीने जायची, दोन महिने त्या गावात राहायची आणि परत यायची. कंडक्टर लोक मला पेटीबाई म्हणत. एकदा एका नव्या कंडक्टरने आत काय आहे विचारलं, तर जुना म्हणाला, पुस्तकं हायेत, पण बाईचा जीव बी त्यातच हाये, सांभाळून ठेव.

प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर फक्त नंबर. नाव नाही, लेखक नाही. ही कल्पना माझी होती आणि तिचा मला अजून अभिमान आहे. नाव पाहिलं की माणूस आधीच ठरवतो, हे माझ्यासाठी नाही. नंबर पाहून काही ठरवता येत नाही, उघडावंच लागतं. त्यामुळे मला लोक सांगत, "बाई, सात नंबर फारच झकास," किंवा "चौदा नंबरनं माही झोप उडवली."

आणि पुस्तकं तरी काय एकेक! ती निवडायची माझी एकच कसोटी होती. लेखकाला स्वतःला सुटलेला नाही असा एक तरी प्रश्न त्यात पाहिजे. ज्याला सगळं कळलं आहे त्याचं पुस्तक मी पेटीत घालत नसे, कितीही भक्तिपूर्ण असलं तरी. कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात जन्म घालवलेल्या एका नर्सबाईंचं पुस्तक होतं, त्यात त्या चक्क कबूल करतात की काही रोग्यांचा आपल्याला संताप यायचा. माफ केल्यावरही राग जात नाही, त्याचं काय करायचं, यावर एका सासुरवाशिणीने लिहिलेलं होतं. एका विज्ञानाच्या मास्तरांचं होतं, त्यात प्रयोगशाळा आणि प्रार्थना यांची प्रत्येक प्रकरणात भांडणं आणि शेवटी समेट नाहीच. आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की विचार करणं म्हणजे विश्वासाला भोक पाडणं. मला कायम उलट वाटत आलं. ज्याच्यावर आपला जीव आहे त्यालाच तर माणूस खोदून खोदून विचारतो.

पण वाचकांकडून मात्र काही केल्या खरं येत नसे. आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. उपासनेत कोणी उठतो आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. लोकांनी तीच सवय पुस्तकांना लावली. अभिप्राय लिहायला कागद द्यावा, तर सगळ्यांचं एकच वाक्य: या पुस्तकाद्वारे मी आशीर्वादित झालो. नर्सबाईंच्या संतापानेही आशीर्वादित, मास्तरांच्या भांडणानेही आशीर्वादित. मी अगदी कावले होते.

त्यातून मला बाहेर काढलं घाटंजीच्या बापूरावांनी. बापूराव आमच्यातले नव्हेत. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, आणि तुरीचे शेतकरी, माळकरी घर. घाटंजीच्या आमच्या प्रार्थनेच्या खोलीत पाणी गळायचं, म्हणून पेटी त्यांच्या ओसरीवर ठेवलेली असायची. बाजाराच्या दिवशी आमची माणसं येऊन पुस्तकं नेत. पण त्यांच्या आधी बापूरावांनी सगळी पेटी वाचून काढलेली असे. त्यांना आमची आशीर्वादाची पद्धत माहीत नव्हती. त्यांनी एका कागदावर लिहून पाठवलं, "बाई, तुमच्या पुस्तकायत शेवटी समद्यायचं भलंच कसं होते? आमच्याकडं तं तसं होत नाही."

तो कागद वाचून मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. इतक्या वर्षांत कोणीतरी पुस्तकाशी बोललं होतं! त्याच आठवड्यात मी नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. वर एकच ओळ: या पुस्तकातली मला न पटलेली गोष्ट. खाली मोकळी जागा. नाव लिहायचं नाही. चिठ्ठी पुस्तकातच ठेवायची. ती फक्त मी वाचणार, नावगाव काढून वहीत उतरवणार आणि फाडून टाकणार. हा शब्द मी तिन्ही गावांना जाऊन दिला होता, पुढे उभं राहून.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने मी फक्त नाचायची बाकी राहिले. पेटी परत आली की मी दार लावून घ्यायची, एकेक पुस्तक उलटं धरायची आणि तीनदा झटकायची. हा आमच्या कामातला अगदी पहिला नियम. पुस्तकातून काय पडेल याचा नेम नसतो. एसटीचं तिकीट, कापसाच्या बोंडातली सरकी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकदा तर कोणाचा तरी पासपोर्ट फोटो. आणि आता चिठ्ठ्या! "लेखकाले गरिबी कधी लागली नाही वाटते." "पान बारावर बाई नवऱ्याले माफ करते, पण नवऱ्यानं माफी मागितलीच कुठी?" अशी एकेक चिठ्ठी हातात आली की मला वाटायचं, ही आठ घरांची मंडळी नाही, हे तर विद्यापीठ आहे.

आता एकोणीस नंबर. पातळ, नव्वद पानांचं पुस्तक. एका म्हाताऱ्या पाळकाने स्वतःच्या मुलीला पुरल्यावर लिहिलेलं. पाळक म्हणजे आमच्या मंडळीचा धर्मगुरू. चाळीस पानं माणूस इतकं खरं लिहितो की वाचताना पाठ ताठ होते. एक्केचाळिसाव्या पानावर तो एकदम म्हणतो की दुःखात देव सगळ्यात जवळ असतो, आणि पुढे निघून जातो. मला ते पान कधी आवडलं नाही. तरी पुस्तक मी पेटीत घातलं, कारण बाकीची एकोणनव्वद पानं सोन्यासारखी होती.

राजूरला ते योहानमामांनी नेलं. मामा खाणीतून निवृत्त झालेले. राजूरच्या मंडळीचे ते वडील, म्हणजे पाळक नसतील त्या रविवारी पुढे उभं राहून प्रार्थना चालवायची जबाबदारी त्यांची. आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जायचा. बायको मार्थामामी चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मामांनी त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही, आणि सगळे म्हणायचे, विश्वास असावा तर योहानमामांसारखा.

त्या वेळी राजूरची पेटी घ्यायला मी स्वतः वणीपर्यंत गेले होते. मामा स्टँडवर पेटी घेऊन आले. पेटी माझ्या ताब्यात दिल्यावर त्यांनी पिशवीतून एकोणीस नंबर वेगळं काढून दिलं. हे उशाशी राह्यलं होतं, असं काहीतरी म्हणाले. आणि मला आनंदाचं भरतं आलं, कारण महागावच्या लोकांनी एकोणीस नंबर दोनदा मागितलं होतं. त्यांची पेटी मी सकाळीच यवतमाळच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीपाशी ठेवून आले होते, एकवीस पुस्तकांची. संध्याकाळी मी यवतमाळला उतरले तर महागावची गाडी फलाटावर घरघरत उभी. मी धावले, पेटी उघडली, एकोणीस नंबर रिकाम्या जागेत सारलं, कुलूप लावलं आणि पेटी कंडक्टरच्या स्वाधीन केली. गाडी हलली तेव्हा मी फलाटावर धापा टाकत हसत होते. वाचकाच्या हातून वाचकाच्या हाती, एका दिवसात! एवढा वेग आमच्या वाचनालयाने कधी पाहिला नव्हता.

पुस्तक झटकायचं राहून गेलं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

महागावची वाचायची तऱ्हा वेगळी आहे. तिथे बहुतेक सगळे शेतमजुरी करणारे. घडाघडा वाचणारी एकटी दीनाबाई. त्यामुळे रविवारी उपासना संपली की कोणी घरी जात नाही, दीनाबाई पुस्तक मोठ्याने वाचते आणि सगळे ऐकतात. आणि ती सगळं वाचते. अगदी सगळं. पहिल्या पानावरचा प्रकाशकाचा पत्ता, छापखान्याचं नाव, आमच्या वाचनालयाचा शिक्का, परत करायची तारीख. वाचलं ते पूर्ण वाचलं पाहिजे, गाळलं तर लेखकाचा अपमान होतो, असं तिचं म्हणणं. शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकल्यावर आमेन म्हणायची सवय असल्यामुळे लोक छापखान्याच्या पत्त्यालाही आमेन म्हणतात. मी एकदा हे प्रत्यक्ष ऐकलं आहे आणि हसू दाबताना माझी पुरेवाट झाली होती.

तीन रविवारांनी दुपारी दीनाबाईचा फोन आला. आवाज अगदी भारावलेला. एकोणीस नंबरमधल्या त्या भावाचं नाव काय, असं ती विचारत होती. मी म्हटलं, लेखकाचं? ती म्हणाली, लेखकाचं नाही, पान एक्केचाळीसवरच्या चिठ्ठीत ज्याचं हातानं लिहिलेलं आहे त्याचं. आज आम्ही ते वाचलं. आम्हाला आधी वाटलं पुस्तकातलंच आहे.

ते पुस्तक मी झटकलंच नव्हतं. तिला म्हटलं, काय लिहिलं आहे ते वाच. तिने फोनवर वाचून दाखवलं. तिच्या वाचण्यात ते मला तोंडपाठ झालं, आजही आहे.

"हे मले पटलं नाही. बायको गेली तवा मी अकरा दिवस देवाले हाक मारली. जवळ असता तर ओ आली असती. तवापासून मी पुढे उभा राहून प्रार्थना चालवतो, पण नुसते शब्द म्हणतो. पोटातून येत नाही. हे कोणाले माहीत नाही."

नाव नव्हतं. पण आमच्या जिल्ह्यात पुढे उभं राहून प्रार्थना चालवणारे, बायको गेलेले, आणि मले-तुले बोलणारे वडील असे कितीसे असणार? मी दीनाबाईला म्हटलं, हे आणखी कोणाला सांगू नका. ती म्हणाली, नाही सांगितलं बाई, फक्त भगिनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी प्रार्थना करावी म्हणून. तिचा हेतू इतका निर्मळ होता की तिच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. ग्रुपमध्ये जिल्हाभरच्या बाया होत्या. राजूरची मामांची सूनही होती.

एकतीस वर्षांत कधी घाबरले नव्हते तितकी मी त्या दुपारी घाबरले. एका माणसाने चार वर्षं कोणालाही न सांगितलेली गोष्ट माझ्या शब्दावर विसंबून लिहिली होती, आणि मी ती माझ्या उतावळेपणाने जिल्हाभर पाठवली होती. वडीलकी ही मामांची सारी ओळख होती. ती आता जाणार, आणि ती मी घालवणार, एवढंच मला दिसत होतं.

फोन ठेवण्याआधी दीनाबाईने आणखी एक सांगितलं. आमीबी चिठ्ठ्या लिवल्या, त्या पुस्तकात ठेवून पेटी चारच्या गाडीनं पाठवून देऊन राह्यलो, त्या भावाले द्या. संध्याकाळी मी स्टँडवरून पेटी आणली. या वेळी एकोणीस नंबर मी उलटं धरून तीनदा झटकलं. मामांची चिठ्ठी पडली, आणि तिच्यासोबत आणखी नऊ. त्या नऊंवर एकच लिहिलं होतं, लिवनाऱ्या भावाले. मी त्या न वाचता पाकिटात घातल्या आणि पाकीट चिकटवलं. आयुष्यात चिठ्ठी हातात असून न वाचण्याची माझी ती पहिली वेळ.

त्याच संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. घरच्यांच्या मोबाइलवर त्यांनी तो फोटो पाहिला होता. माणसं विश्वासात वाढावीत म्हणून पेट्या पाठवतो, आणि तुम्ही त्यांना न पटलेलं लिहायला शिकवता, असं म्हणाले. लिहिणारा कोण ते मला विचारलं. मी सांगितलं नाही. मग ते म्हणाले, शनिवारी सभा आहे, पेटी चालू ठेवायची की नाही ते तिथेच ठरवू.

सोमवारी पहिल्या गाडीने मी वणीला आणि तिथून राजूरला गेले. दार सुनेने उघडलं. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की उशीर झाला. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि काही बोलायच्या आधी तेच बोलले.

"सुनेनं काल मोबाइलवर दाखवलं. माह्यं अक्षर मलेच दाखवलं. म्हणे, बाबा, हे तुमचं होय का? मी म्हटलं, हो. चार वर्षं देवासमोर खोटं बोललो, आता सुनेसमोर कायले बोलू?"

मी सगळं सांगितलं. फलाटावरचं धावणं, गाडी, रिकामी जागा. माफी मागितली.  मला वाटलं मामा नेहमीसारखं, असू द्या बाई, म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

"बाई, मी खाणीत छताले टेकू लावायचो. माणसं आत जायच्या आधी मी काठीनं छत ठोकून पाहायचो. पोकळ आवाज आला तर सायबालेही जाऊ देत नोतो. तुमी न ठोकता मले आत पाठवलं."

 ते म्हणत होते ते खरं होतं आणि त्यांना ते म्हणायचा हक्क होता. मी पाकीट बाजेवर ठेवलं. सुनेने चहा आणला, तो तिघांनी घेतला. पाकिटाला मामांनी हात लावला नाही. शेवटी सूनच म्हणाली, "बाबा, वाचा न. त्यायनं तुमचं वाचलं, तुमी त्यायचं वाचा."

मामांनी चष्मा लावला आणि पाकीट फोडलं. मला वाटलं होतं, धीर धरा, देव परीक्षा बघतो, असलं काहीतरी असणार. पहिली चिठ्ठी वाचून मामांनी ती माझ्या हातात दिली. तिच्यावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं, "मलेबी ओ आली नाही. नवरा गेला तवा." दुसरी: "मी बारा वर्षं नुसते ओठ हलवून राह्यली. मले वाटे मी एकटीच." तिसऱ्या चिठ्ठीचं म्हणणं, तुमी अकरा दिवस हाक मारली, मी तीनच दिवस मारली न कंटाळलो. अशा एकामागून एक. नऊपैकी सहा जणांनी तेच लिहिलं होतं. पुस्तकाशी वाद घालायला मी शिकवलं होतं, पण यांनी वाद घातलाच नव्हता. मीही त्यातलाच, असं म्हणत यांनी हात वर केले होते.

दीनाबाईचीही होती. "लोक म्हणतात दीनाबाईचा विश्वास लय पक्का. लेकरू गेल्यापासून मी फक्त वाचते. छापखान्याचा पत्ताही त्याच आवाजात वाचते. आज तुमचं वाचताना आवाज फुटला नाही."

सहावी चिठ्ठी माझ्या हातात देता देता मामा मध्येच थांबले आणि सुनेकडे बघून म्हणाले, "मंग महागावात प्रार्थना करते तरी कोण?" आणि हसले. आधी बारीक, मग अंग हलेपर्यंत. सूनही हसली, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

शेवटची चिठ्ठी छोटी होती. "तुमच्या बाईले कोणतं गाणं आवडे ते कळवा. आमी रविवारी म्हनू." मामांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून धोतराला पुसला. मग त्यांनी त्या गाण्याची पहिली ओळ सांगितली. गायले नाहीत, कोणाला निरोप सांगावा तशी म्हटली. मी ती दीनाबाईसाठी लिहून घेतली.

निघताना मी त्यांना शब्द दिला की शनिवारच्या सभेत त्यांचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. त्यांनी चिठ्ठ्या नीट रचून पाकिटात परत घातल्या.

शनिवारी मी कपाटांच्या किल्ल्या पर्समध्ये घेऊनच सभेला गेले. पेटी बंद झाली तर किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी जायचं, असं ठरवलं होतं. अध्यक्षांनी मोबाइल समोर ठेवला आणि पुन्हा विचारलं की हे कोणी लिहिलं. मी पर्समधून किल्ल्या काढून हातात घेतल्या. दुसऱ्यांदा विचारलं. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. पांढरा सदरा, धोतर, हातात छत्री. राजूरहून सकाळच्या गाडीने आलेले योहानमामा.

"ती चिठ्ठी माही होय," ते म्हणाले. "वडीलकी तुमी ठेवून घ्या. पेटी बंद करू नका."

 अध्यक्षांनी मोबाइल उपडा ठेवला. मामांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग घसा साफ करून म्हणाले की पेटीचा विषय पुढच्या सभेवर घ्यावा. तो पुढच्या सभेवर गेला, तिथून पुढच्या, आणि आज माझ्या निवृत्तीलाही दोन वर्षं होऊन गेली तरी तो पुढच्याच सभेवर आहे. पेटी चालू आहे.

सभा संपल्यावर मामांनी मला एक अट घातली. ती चिठ्ठी फाडायची नाही, वहीत उतरवायची नाही. पान एक्केचाळीसवर, जिथे लेखकाने ते वाक्य लिहिलं आहे त्याच्या समोर, डिंकाने चिकटवायची, आणि महागावच्या नऊही त्यामागे. मी म्हटलं, मामा, पुस्तक खराब होईल. ते म्हणाले, होऊ द्या, तिथं टेकू पाहिजे होता.

हे सांगताना मी उत्साहात येते हे मला माहीत आहे, पण एक गोष्ट त्या उत्साहात बुडवून टाकायची नाही. मामांची वडीलकी गेली ती गेलीच. राजूरच्या काही घरांनी त्यांना पुढची दोन वर्षं जेवायला बोलावलं नाही. महागावने त्यांना आपलं मानलं म्हणून माझी चूक बरोबर ठरत नाही. जो नियम मी इतरांना शिकवला तो मीच विसरले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. वाचनालयात माझ्या जागी आता आलेल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी हे सगळं सांगितलं.

एकोणीस नंबर आज मिटत नाही इतकं फुगलं आहे. घाटंजीत गेलं, तिथे बापूरावांनीही त्यात एक चिठ्ठी चिकटवली. नाडीने बांधून पाठवावं लागतं. लेखकाची नव्वद पानं एका बाजूला आणि आपल्या माणसांच्या चिठ्ठ्या एका बाजूला, तोलून पाहिलं तर चिठ्ठ्याच जड भरतील. विचार करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने काय वाचावं असं कोणी विचारलं तर मी हेच पुस्तक सांगते, आणि हेच एक पुस्तक कुठल्याही दुकानात मिळत नाही याचा मला फार आनंद होतो. पेटी परत आली की मामांचा वाचनालयात फोन येतो. बाकी काही विचारत नाहीत. किती झाल्या, एवढंच.

गेल्या महिन्यात राजूरची पेटी आली तेव्हा मी सहज वाचनालयात गेले होते. नव्या मुलीने एकेक पुस्तक उलटं धरून तीनदा झटकलं. एकोणीस नंबर तिने, सांगितल्याप्रमाणे, न झटकता माझ्यापुढे ठेवलं. मी नाडी सोडली. पान एक्केचाळीसवर एक नवी, न चिकटवलेली चिठ्ठी होती. अक्षर थोडं कापरं झालं आहे, पण मी ते कुठेही ओळखीन.

"ओ अजून आली नाही. हाक मारून राह्यलो."

मी डिंकाची बाटली मागितली.